गाळलेल्या पाण्यात काय गेलं

"मॅडम, माझं एकशे अठरा टक्के आलं!"

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची बॅच, जुलै महिना, बाहेर झड लागलेली. अ‍ॅनिलिनपासून अ‍ॅसिटॅनिलाइड करायचं प्रॅक्टिकल, तेलकट द्रवापासून पांढरे स्फटिक. सांगणारी मुलगी इतकी खुशीत होती की तिला लगेच जमिनीवर आणायचं माझ्या जिवावर आलं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा मात्र वॉच ग्लासवर तळहात धरून उभा होता, कोरी उत्तरपत्रिका झाकावी तसा. त्याचं यील्ड, म्हणजे हिशेबाने मिळायला हव्या त्या मालातला प्रत्यक्ष हाती आलेला हिस्सा, एकतीस टक्के. दोघांनी अ‍ॅनिलिन एकाच बाटलीतलं घेतलेलं, रीफ्लक्स (वाफ थंड होऊन परत चंबूत पडेल असं उकळणं) एकाच ओळीत लावलेलं.

एकशे अठराचं उत्तर सोपं होतं. तिच्या मालावर मी कोरडा फिल्टर पेपर दाबला आणि उचलून दाखवला. ओलाचिंब. तराजूने पाणीही इमानेइतबारे मोजलं होतं. चार दिवसांनी, माल सुकल्यावर, तेच वजन ५८ टक्क्यांवर आलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं. एकतीसचं उत्तर मात्र मला देता आलं नाही. म्हणजे दिलं, नेहमीचं दिलं: "हँडलिंग लॉस." डॉक्टर जसे 'व्हायरल आहे' म्हणतात, तसा आम्ही मास्तर लोक हा शब्द वापरतो. चूक नसतो, पण ऐकणाऱ्याला त्यातून काही कळतही नाही.

आता कबूल करायला हरकत नाही. माझ्या स्वतःच्या जर्नलमध्ये याच प्रॅक्टिकलपुढे ६८ टक्के लिहिलेलं आहे, आणि प्रत्यक्षात आले होते २२. ६८ हा आकडा आधीच्या वर्षाच्या एका मुलीच्या जर्नलमधून उचललेला; तिने तो कुणाच्या जर्नलमधून उचलला होता देव जाणे. आमच्या बॅचमध्ये सगळ्यांचं यील्ड ६५ ते ७२ च्या मध्ये होतं. जणू काही वीस जणांचे हात एकाच साच्यातून निघालेले. सही करणाऱ्या सरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. आकडा बरा असला की मार्क मिळायचे, कमी असला की "पुन्हा कर", आणि पुन्हा करायला ना वेळ असायचा, ना केमिकल. परीक्षेत तर एकाने खिशात पुडी बांधून मागच्या बॅचचा माल आणला होता. तो इतका देखणा होता, पांढरे चकचकीत पापुद्रे, की एक्स्टर्नलनी तो बाकीच्यांना मुद्दाम दाखवला.

माझ्या २२ टक्क्यांचं कारण मला तेव्हाच माहीत होतं. वजन लवकर करून मोकळं व्हायचं म्हणून मी ओला माल फिल्टर पेपरसकट ओव्हनमध्ये ठेवला. ओव्हन १२० अंशांवर, आणि अ‍ॅसिटॅनिलाइड वितळतं ११४ ला. दार उघडलं तेव्हा कागदावर फक्त एक तेलकट डाग होता, वड्याच्या पुडीवर असतो तसा. खरवडून जेवढं निघालं तेवढं तोललं.

तर त्या मुलाचे एकतीस टक्के डोक्यातून जाईनात. शनिवारी दुपारी लॅब रिकामी असते. लॅब अटेंडंट भाऊ चावी ठेवून जेवायला गेले आणि मी स्वतःच प्रॅक्टिकल मांडलं. माल किती मिळतो याची मला उत्सुकता नव्हतीच. जातो कुठे, ते बघायचं होतं.

सुरुवात बाटलीपासून. आमचं अ‍ॅनिलिन कोऱ्या चहासारखं तपकिरी झालेलं असतं, कारण बाटली वर्षभर उघडझाक होते आणि हवेने त्याचं ऑक्सिडेशन होतं. मुलं पाच मिली घेतात तेव्हा त्यात खरं अ‍ॅनिलिन पाच मिली नसतंच. मी ते आधी डिस्टिल करून घेतलं. १८४ अंशांच्या आसपास फिकट, जवळजवळ पाण्यासारखं द्रव्य थेंबाथेंबाने उतरायला लागलं, आणि भाऊ जेवून परत आले तरी मी तिथेच उभी होते. (१८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला क्विनीन करता करता जांभळा रंग हाती लागला, तो अ‍ॅनिलिन अशुद्ध होतं म्हणून. त्यात टोल्युइडीन मिसळलेली नसती तर तो रंग तयारच झाला नसता. ही गोष्ट मी वर्गात सांगत नाही. सांगितली तर बाटली कोणीच डिस्टिल करणार नाही.)

मग तराजूवर पाच ग्रॅम. मोजपात्राने घेतलं की तेलकट अ‍ॅनिलिनचा एक थर काचेला धरून बसतो. तुम्ही पाच मिली मोजता आणि चंबूत पडतं त्याहून कमी.

अ‍ॅनिलिनचा रेणुभार ९३.१३, अ‍ॅसिटॅनिलाइडचा १३५.१७. म्हणजे पाच ग्रॅममधून जास्तीत जास्त ७.२६ ग्रॅम. हे गणित मी दरवर्षी फळ्यावर करते आणि दरवर्षी चार-पाच जण 'पाच ग्रॅम घातलं, साडेचार आलं, यील्ड ९० टक्के' असं लिहून आणतात. रेणूला अ‍ॅसिटिलचा तुकडा जोडला गेला, तो जड झाला, हे त्यांच्या हिशेबात नसतं. त्यांचे ९० खरे मोजले तर ६२ भरतात. कमी यील्डची रड असते तशी ही फुगलेल्या यील्डचीही असते, फक्त फुगलेलं यील्ड कोणी तक्रार म्हणून घेऊन येत नाही.

रिअ‍ॅक्शनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, अ‍ॅसिटिक अनहायड्राइड, चिमूटभर जस्ताची पूड, वीस मिनिटं रीफ्लक्स. अनहायड्राइड आणि अ‍ॅनिलिन एकमेकांना भेटायलाच बसलेले असतात, चंबू हाताला लगेच गरम लागतो. मग गरम मिश्रण बर्फाच्या पाण्यात धार धरून ओतायचं, की दूध फाटावं तसा पांढरा साका खाली येतो. खरी गंमत इथून पुढे.

साका बुकनरवर, म्हणजे पंपाने ओढून गाळायच्या नरसाळ्यावर, गाळला, थंड पाण्याने धुतला. खाली फ्लास्कमध्ये जे पाणी जमलं ते एरवी आपण न बघता बेसिनमध्ये ओततो. मी ते ठेवलं आणि इथाइल अ‍ॅसिटेटने तीनदा खळखळून काढलं. द्रावक उडवल्यावर चंबूच्या तळाला ०.८१ ग्रॅम निघालं. अ‍ॅसिटॅनिलाइड थंड पाण्यात अगदीच विरघळत नाही असं नाही, १०० मिलीत साधारण अर्धा ग्रॅम विरघळतं, आणि त्या पाण्यात अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडही असतं, म्हणून आणखी थोडं. "पांढरं स्वच्छ होईपर्यंत धुवा" असं मी मुलांना सांगते तेव्हा दर पेल्यामागे थोडा थोडा माल मीच बेसिनमध्ये पाठवत असते.

ज्या चंबूत रिअ‍ॅक्शन झाली त्याच्या भिंती अ‍ॅसिटोनने धुतल्या: ०.१९. आमच्याकडे आई लोणी कढवून तूप गाळलं की त्याच पातेल्यात कणीक मळायची. पातेलं घासायला टाकताना त्याला तुपाचा वासही उरायचा नाही. मी एमएस्सीपर्यंत शिकले, पण चंबूच्या बाबतीत ही साधी गोष्ट मला कोणी सांगितली नाही आणि सुचलीही नाही.

नंतर पुनर्स्फटिकीकरण. क्रूड, म्हणजे कच्चा माल पाण्यात उकळून विरघळवायचा, गरम असतानाच गाळायचा, थंड करायचा. मी १९० मिली पाणी घेतलं. थंड केल्यावर काचकांडीने भांड्याची आतली बाजू खरवडली, कारण स्फटिकांनाही विरजण लागतं, पहिला कण धरला की बाकीचे भराभर येतात. पापुद्रे पडले, गाळले. उरलेलं पाणी आटवून ४० मिलीवर आणलं आणि बर्फात ठेवलं: आणखी ०.७२. त्या ४० मिलीतही ०.२ च्या आसपास राहिलंच असणार, ते मी सोडून दिलं.

गरम गाळणीचा कागद वाळवून तोलला, आधीच्या वजनापेक्षा ०.३८ जास्त. नरसाळं गार होतं म्हणून उकळतं द्रावण कागदाला लागताक्षणी त्याच्या घड्यांत स्फटिक जमले, दांडीतही जमले. "फनेल आधी गरम करून घ्या" हे मी दर वर्षी सांगते. आणि स्वतः विसरले. बुकनरचा कागद आणि वॉच ग्लास मिळून ०.११.

हाती शुद्ध माल ४.४१ ग्रॅम, म्हणजे जेमतेम ६१ टक्के. सापडलेलं हरवलेलं सगळं मिळून २.२१, आणि आटवलेल्या पाण्यातलं अंदाजे ०.२. उरलं साधारण ०.४ ग्रॅम. म्हणजे रिअ‍ॅक्शनने माझं बुडवलं असेल तर फार तर सहा टक्के. बाकीचे ३३ टक्के मी स्वतःच्या हातांनी कागदाला, काचेला आणि पाण्याला वाटले होते, आणि बहुतेक सगळा माल अजून त्याच खोलीत होता.

सोमवारी एकतीसवाल्याला बोलावलं. पाणी किती घातलं होतंस रे?

"चारशे मिली असंन मॅडम. विरघळूनच नव्हतं राहिलं न. तेलासारखं खाली बसून राहिलं होतं."

तेच. अ‍ॅसिटॅनिलाइड गरम पाण्यात पुरतं विरघळलं नाही, तर घन न राहता तेलाच्या थेंबांसारखं तळाशी बसतं. काही मुलांना ती घाण वाटते आणि ती ते थेंब गाळून टाकतात, म्हणजे मालच टाकतात. याने टाकलं नव्हतं, पण उकळी येऊ न देताच पेल्यावर पेला पाणी वाढवत गेला. चारशे मिली पाणी थंड झालं की दोन ग्रॅमच्या वर माल स्वतःकडे ठेवून घेतं. शिवाय शेवटी त्याने स्फटिक धुतले ते गच्चीवरच्या टाकीच्या नळाखाली. उकळू दिलं असतं तर दीडेकशे मिलीत काम झालं असतं. हे त्याला आधी कोणी सांगितलं नव्हतं. कोणी म्हणजे मी.

टाकीच्या पाण्यावरून आठवलं. आमच्या प्रॅक्टिकलच्या रीती ज्या पुस्तकांतून आल्या ती थंड देशांत लिहिलेली आहेत. 'थंड पाण्याने धुवा' लिहिणाऱ्याच्या नळाला खरोखर थंड पाणी येत असणार. विदर्भात एप्रिलमध्ये, ऐन परीक्षेच्या तोंडावर, टाकीतलं पाणी अंगाला चटका देतं. बर्फ समोरच्या रसवंतीवाल्याकडून गोणपाटात गुंडाळून येतो आणि जिना चढेपर्यंत अर्धा राहतो. ईथर उकळतं ३४.६ अंशांना, एप्रिलच्या दुपारी ईथरची बाटली उघडली की ती फुस्स करते आणि सगळे दोन पावलं मागे सरतात. त्या दिवसांत ईथरचं एक्स्ट्रॅक्शन लावलं तर द्रावक सेपरेटिंग फनेलमध्ये कमी आणि खोलीत जास्त असतं. वरून नळाला जोर नसला की फिल्टर पंप ओढत नाही, पंप ओढत नाही म्हणून माल ओला राहतो, आणि ओला राहिला की पुन्हा कोणाचं तरी एकशे अठरा.

दुसरं, मापाचं. मूळ कृती पुष्कळदा पन्नास-शंभर ग्रॅमच्या असतात. आम्ही खर्च वाचवायला त्या दोन किंवा पाच ग्रॅमवर आणतो. पण कागद काही आपला वाटा त्या प्रमाणात कमी करत नाही. शंभर ग्रॅमच्या मालातून कागदाने ०.४ खाल्लं तर कोणाच्या लक्षातही येत नाही, दोन ग्रॅममधून खाल्लं तर पाचवा हिस्सा गेला. तरबेज हातांनाही हे चुकलेलं नाही. कॅनडातल्या मार्टिना वेर्नेरोव्हा आणि टोमास हुडलिकी यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या कामात रिअ‍ॅक्शन न करताच, आधीच शुद्ध असलेले पदार्थ तोलून गाळणं, धुणं, आटवणं या नेहमीच्या पायऱ्यांतून नेले आणि परत किती हाती येतं ते बघितलं. लहान मापावर सगळे सोपस्कार करून ९४ टक्क्यांच्या वर यील्ड आल्याचा दावा विश्वासार्ह नाही, असं त्यांनी लिहिलं. शोधनिबंधांतून मात्र ९५, ९७, ९८ असे आकडे सर्रास छापले जातात. हे वाचल्यावर मला आमच्या बॅचच्या ६५ ते ७२ ची आठवण झाली आणि थोडं बरं वाटलं, जे वाटायला नको होतं.

आणि काही वेळा तर मुलांचं काहीच चुकलेलं नसतं. कॅनिझारो रिअ‍ॅक्शन घ्या. बेंझाल्डिहाइडचे दोन रेणू घेतले की एकाचं बेंझॉइक अ‍ॅसिड होतं आणि दुसऱ्याचं बेंझिल अल्कोहोल. फक्त अ‍ॅसिड वेगळं करून तोललं तर शंभर टक्के रिअ‍ॅक्शन होऊनही निम्म्याच रेणूंचं अ‍ॅसिड मिळणार. 'मॅडम, ४६ टक्केच' म्हणत रडवेली झालेली मुलगी माझ्यासमोर उभी राहिली होती, आणि तिने जवळजवळ सगळा माल काढला होता. उलट त्याच वर्षी एकाला ७० टक्के आले. त्याने घेतलेल्या बेंझाल्डिहाइडच्या बाटलीच्या तोंडाशी पांढरा खरपुडा जमलेला होता. हवेने बेंझाल्डिहाइडचं आपोआप बेंझॉइक अ‍ॅसिड होतं. त्याचं निम्मं काम बाटलीनेच वर्षभर आधी करून ठेवलेलं. मार्क अर्थात त्याला जास्त पडले. मीच दिले.

इथाइल अ‍ॅसिटेटचंही तसंच. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि इथेनॉल सारख्या मोलमध्ये, म्हणजे रेणूंच्या सारख्या संख्येत घेतले तर एस्टर (म्हणजे हेच इथाइल अ‍ॅसिटेट) दोन-तृतीयांशाच्या आसपास जाऊन थांबतं, कारण उलटी रिअ‍ॅक्शनही तितक्याच जोराने चालू होते. मार्सेलँ बर्तलो आणि पेआँ द सँ-झील यांनी पॅरिसमध्ये १८६२ च्या सुमारास हे मोजून ठेवलंय, दोन्ही बाजूंनी सुरुवात करून. तिथे मुलाला "नीट गरम केलं नाहीस" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. त्याने पुढचे आठ तास बर्नरशेजारी बसून काढले तरी ते दोन-तृतीयांशच राहणार. पाणी काढून घ्या किंवा एक घटक भरपूर जास्त घाला, मग पुढे सरकतं.

या वर्षीपासून मी एक बदल केलाय. जर्नलमध्ये यील्डच्या रकान्याखाली मुलांनी हाताने आणखी एक रकाना आखायचा: गेलेलं. किती पाणी वापरलं, गाळणीचा कागद सुकवून किती भरला, गाळलेलं पाणी आटवल्यावर काय निघालं. मार्क निम्मे त्याचे. एका सहकाऱ्याने विचारलं की एक्स्टर्नल हे चालवून घेतील का. मला माहीत नाही. पहिल्या प्रॅक्टिकलला सगळ्यांनी 'गेलेलं: ३० टक्के' असं एकसारखं लिहून आणलं, शेजाऱ्याचं बघून. दुसऱ्या वेळी आकडे जरा विस्कटले. ३४, ५२, ४१, एकाने '१९, पण मॅडम बीकर पडला' असं लिहिलं आणि खाली बीकरचं चित्र काढलं.

एकतीसवाल्याने प्रॅक्टिकल स्वतःहून पुन्हा केलं. पाणी जपून घातलं, फनेल गरम केलं, ५६ टक्के काढले. उरलेलं पाणी आटवायला वेळ नव्हता म्हणून त्याने ते बीकरमध्येच ठेवलं, वर टाचणीने भोकं पाडलेला कागद बांधला, नाव लिहिलं. तेवढ्यात पोळ्याची सुटी लागली आणि तो गावी गेला. आठवड्याने आला तेव्हा पाणी अर्ध्यावर आलं होतं आणि तळाशी मोठाले चकचकीत पापुद्रे पडलेले, लॅबमध्ये घाईघाईने पडतात त्यापेक्षा कितीतरी सुंदर. बीकर दोन्ही हातांनी धरून तो स्टाफरूमच्या दारात उभा राहिला.

"मॅडम, हे कोणत्या तारखेच्या यील्डमध्ये धरायचं?"

मी म्हटलं, आधी सुकव.